कायदा झाला, पण रानात कोण बघणार?

 

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचतीचे पैसे गोळा झाले, हप्ते वहीत लिहून झाले, तरी एक ताई गप्पच बसून होती. विचारलं तर डोळ्याला पदर लावून म्हणाली, "गटाचं कर्ज काढून कोंबड्या घेतल्या, एका रात्रीत अकरा गेल्या. खोकडानं खाल्ल्या." तिचा दीर म्हणत होता, मटणात विष घालून बांधावर ठेवतो, एकदाचा निकाल लागेल. बैठकीत लगेच दोन तट पडले. कुणी म्हणालं, बरोबर आहे. कुणी म्हणालं, विष खाऊन उद्या आपलाच कुत्रा मेला म्हणजे?

तेवढ्यात एका मावशीच्या नातीनं फोनवर एक चित्रफीत दाखवली. हिरवंगार रान, लाल कोट घातलेले घोडेस्वार, पुढं तीस-चाळीस कुत्री. आणि त्यांच्यामध्ये काळे कपडे घातलेली काही माणसं पळतायत. कुणी शिंग फुंकतंय, कुणी बाटलीतून काहीतरी फवारतंय. नात म्हणाली, "ही इंग्लंडातली माणसं आहेत. खोकडाला वाचवायला शिकार मोडतात." आमच्या त्या ताईला रागच आला. म्हणाली, "यांच्या कोंबड्या गेल्या नसतील म्हणून सुचतंय." सगळ्या हसल्या. पण प्रश्न राहिलाच, की ही माणसं कोण आणि कशासाठी एवढी धावतात? आम्ही म्हटलं, माहिती काढतो आणि रेडिओवर सांगतो. आज तेच सांगणार आहोत.

आधी जनावराची ओळख करून घेऊ. आपण बोलताना कोल्हा आणि खोकड एकच समजतो, पण ती दोन वेगळी जनावरं आहेत. रात्री ओरडतो, कोल्हेकुई करतो तो कोल्हा. खोकड त्याहून लहान, बीळ करून राहणारं, झुबकेदार शेपटीचं. इंग्लंडात ज्याची शिकार होते ते आपल्या खोकडाचंच भावंड. अंगानं थोडं मोठं आणि रंगानं तांबडं.

आता तिथली शिकार कशी चालते ते बघा. आपल्याला वाटतं शिकार म्हणजे बंदूक. तिथं तसं नाही. तिथं शिकार कुत्र्यांनी करायची, आणि माणसांनी घोड्यावरून मागं धावायचं. प्रत्येक भागाचं आपलं एक शिकार मंडळ असतं. 2000 साली ब्रिटन सरकारच्या चौकशी समितीनं अहवाल दिला, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये खोकडाची शिकार करणारी सुमारे 200 नोंदणीकृत मंडळं होती. त्यांची कुत्री वर्षाला 21,000 ते 25,000 खोकडं मारत होती.

मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तिथला हिवाळा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, तर गावोगावी जत्रेसारखी गर्दी जमते. पण तयारी त्याआधीच सुरू होते. पावसाळा संपायच्या सुमारास खोकडाची वर्षाची पिल्लं मोठी झालेली असतात. नव्या कुत्र्यांना शिकार शिकवायला त्या पिल्लांवरच सोडायची पद्धत होती.

शिकारीच्या दिवशी सकाळी कुत्री झाडीत सोडतात. त्यांची मोजणी जोड्यांनी होते, वीस जोड्या म्हणजे चाळीस कुत्री. कुत्री नाकानं माग काढतात. खोकड झाडीतून बाहेर पडलं की कुत्र्यांचा मुख्य माणूस शिंग फुंकतो आणि पाठलाग सुरू होतो. तो कधी दहा मिनिटांत संपतो, कधी तासभर चालतो. खोकड बिळात शिरू नये म्हणून बिळांची तोंडं आधीच बुजवून ठेवत. तरी एखादं शिरलंच, तर छोटी कुत्री आत सोडून आणि कुदळ-फावड्यानं खणून त्याला बाहेर काढत.

इंग्रज आपल्या देशात आले ते हा नादही बरोबर घेऊन आले. मुंबईला आणि निलगिरीतल्या उटीला त्यांनी विलायतेहून कुत्री आणवली आणि आपल्याकडच्या कोल्ह्यामागं सोडली. म्हणजे हा खेळ आपल्या मातीलाही अगदीच अनोळखी नाही.

आता त्या काळ्या कपड्यांतल्या माणसांकडं येऊ. इंग्रजीत त्यांना 'हंट सॅबोटर' म्हणतात, म्हणजे शिकार उधळून लावणारे. सुरुवात झाली 1963 साली, इंग्लंडच्या दक्षिणेला डेव्हन जिल्ह्यात. जॉन प्रेस्टिज नावाचा एक तरुण पत्रकार हरणाच्या शिकारीची बातमी करायला गेला होता. तिथं कुत्र्यांनी एका गाभण हरिणीला घेरलं आणि ती मारली गेली. हे बघून त्यानं डिसेंबर 1963 मध्ये ब्रिक्सहॅम या बंदराच्या गावी 'हंट सॅबोटर्स असोसिएशन' नावाची संघटना काढली. त्याच महिन्यात, 26 डिसेंबरला, टॉर्की गावाजवळ त्यांनी पहिल्यांदा शिकार अडवली.

त्याआधी शिकारीविरुद्ध कुणी बोलत नव्हतं असं नाही. 1924 पासून तिथं एक संस्था सभा घेत होती, खासदारांना भेटत होती, कायदा करा म्हणत होती. पण नव्या लोकांचं म्हणणं असं, की कायदा होईल तेव्हा होईल. आज सकाळी जे खोकड मरणार आहे, त्याचं काय?

मग त्यांनी युक्त्या काढल्या. त्या ऐकून आमच्या गटातल्या बायका चकित झाल्या, कारण त्यात बंदूक नाही, काठी नाही. आहे ती फक्त जनावराची पारख.

पहिली युक्ती वासाची. कुत्रं डोळ्यापेक्षा नाकावर चालतं. खोकड गेलं त्या वाटेवर ही माणसं सिट्रोनेलाचं पाणी फवारतात. सिट्रोनेला म्हणजे आपल्या गवती चहाच्या कुळातल्याच एका गवताचं तेल. डास पळवायच्या मलमात असतं ते. त्याच्या उग्र वासानं खोकडाचा माग झाकून जातो आणि कुत्री तिथंच घुटमळतात. तेवढ्या वेळात खोकड लांब निघून जातं.

दुसरी युक्ती आवाजाची. शिंगाचे वेगवेगळे सूर असतात. एका सुरावर कुत्री झाडीत शिरतात, दुसऱ्यावर परत फिरतात. आपल्याकडं बैलाला धन्याची हाक कळते तसंच हे. या माणसांनी ते सूर आणि त्या हाका शिकून घेतल्या. कुत्री मागावर निघाली की हे भलत्याच बाजूनं शिंग फुंकतात. पुढं तर धावत्या कुत्र्यांच्या भुंकण्याचा आवाज टेप करून तो कर्ण्यावरून लावायला लागले, म्हणजे बाकीची कुत्री त्या आवाजाकडं वळतात.

तिसरी युक्ती लवकर उठायची. शिकार यायच्या आधीच पहाटे झाडीत जाऊन गलका करायचा. खोकड आधीच निघून जातं आणि मागून आलेल्या कुत्र्यांना झाडी रिकामी सापडते.

आणि चौथी गोष्ट, कॅमेरा. पुढं हीच सगळ्यात मोठी ठरली. ती कशी, ते आता कायद्याबरोबर सांगतो.

2000 सालच्या ज्या अहवालाचा आम्ही उल्लेख केला, त्यात समितीनं म्हटलं होतं, की कुत्र्यांच्या पाठलागानं आणि मरणानं खोकडाच्या जिवाचे गंभीर हाल होतात. संसदेत वर्षानुवर्षं वाद झाले. खालच्या सभागृहाला बंदी हवी होती, वरच्या सभागृहाला नको होती. शेवटी वरच्या सभागृहाची संमती नसताना, खालच्या सभागृहाला असलेला खास अधिकार वापरून 2004 साली कायदा झाला. 18 फेब्रुवारी 2005 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी खोकडाची शिकार करणं गुन्हा ठरलं. स्कॉटलंडनं त्याआधीच 2002 मध्ये आपला वेगळा कायदा केला होता.

मैत्रिणींनो, आपल्याला वाटेल की झालं, संपली गोष्ट. पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

कायदा आला, तरी शिकार मंडळं बंद झाली नाहीत. तेच घोडे, तीच कुत्री, तेच लाल कोट राहिले. ते म्हणाले, आता आम्ही खऱ्या खोकडामागं जात नाही. आमचा माणूस आधी जाऊन वासाचं फडकं ओढत नेतो आणि कुत्री त्या वासामागं धावतात. कायद्यानं याला मनाई नाही. आता तुम्हीच सांगा, ओढलेलं फडकं नाहीतर प्राण्याचा वास लावलेला माग बरोबर त्याच झाडीतून गेला जिथं खोकड राहतं, आणि कुत्र्यांनी मधेच खरं खोकड धरलं, तर? मंडळ म्हणणार, अपघात झाला, आम्ही मुद्दाम नाही केलं. पोलिसांना मुद्दाम केलं हे सिद्ध करावं लागतं. चार मैल आत, चिखलात, झाडीत काय झालं हे बघायला पोलीस थोडेच असतात? आणि गुन्हा शाबीत झाला तरी या कायद्यात शिक्षा दंडाचीच, तुरुंगवास नाही.

मग बघणारं कोण? हीच माणसं. कायद्यानंतर त्यांच्यातल्या पुष्कळांचं काम बदललं. शिंग आणि फवारणीच्या जोडीला कॅमेरा आला. कुत्री कुठं सोडली, माग खरंच ओढला होता का, खोकड दिसल्यावर कुत्री मागं बोलावली की पुढं घातली, हे सगळं तारीख-वेळेसकट टिपायचं. थंडीत, पावसात, शनिवार आला की हेच काम. त्याचा पगार मिळत नाही.

नोव्हेंबर 2020 मध्ये तर त्यांच्या हाती मोठी गोष्ट लागली. शिकार मंडळांच्या मोठ्या संघटनेनं आपल्या लोकांसाठी ऑनलाइन बैठका घेतल्या होत्या. त्यांचं चित्रण या संघटनेनं उघड केलं. आरोप असा झाला, की वासाच्या मागाचा देखावा कसा करावा याचा सल्ला त्यात दिला गेला. तो बोलणाऱ्या एका पदाधिकाऱ्याला ऑक्टोबर 2021 मध्ये खालच्या न्यायालयानं दोषी ठरवलं. पण आम्ही अर्धीच गोष्ट सांगणार नाही. जुलै 2022 मध्ये वरच्या न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. त्याच्या बोलण्याचा दुसरा अर्थही निघू शकतो, असं ठरलं. तरीही ते चित्रण लोकांनी बघितलं होतं. मोठमोठ्या जमिनी सांभाळणारी 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था आपल्या रानात मागाच्या शिकारीला परवाने देत असे. तिनं ते आधी थांबवले, आणि 2021 मध्ये तिच्या सभासदांनी मतदान करून हे बंदच करा म्हणून सांगितलं. 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षानं जाहीरनाम्यात लिहिलं, की मागाच्या शिकारीवरही बंदी आणू. तो पक्ष निवडून आला. म्हणजे वीस वर्षांपूर्वी झालेल्या कायद्याची पळवाट बुजवायची गोष्ट आता कुठं निघाली, आणि तीही रानात जाऊन बघणारी माणसं होती म्हणून.

आता दुसरी बाजू. आमच्या ताईनं विचारलं होतंच, ज्याच्या कोंबड्या जातात त्याचं काय? तिथले शेतकरीही हेच विचारतात. खोकड कोंबड्या मारतं. खुराड्यात शिरलं तर गरजेपेक्षा जास्त मारतं. कोकरूही नेतं. शिकारीवर पोटं चालणारी माणसंही होती: घोडे सांभाळणारे, नाल मारणारे, कुत्री राखणारे. त्या सरकारी अहवालानं अशा 6,000 ते 8,000 नोकऱ्या मोजल्या होत्या. शिवाय शेतकऱ्याचं जनावर मेलं की शिकार मंडळ ते उचलून नेतं आणि कुत्र्यांना घालतं. शेतकऱ्याची तेवढी सोय होते. म्हणून 22 सप्टेंबर 2002 रोजी लंडनमध्ये 4 लाखांहून जास्त लोकांचा मोर्चा निघाला. त्यांचं म्हणणं होतं, शहरातल्या लोकांनी आम्हाला गावात कसं जगायचं ते शिकवू नये. हे दुखणं खोटं नाही. गावात राहणाऱ्या आपल्याला ते लगेच कळतं.

पण शिकारीनं खोकडं कमी होतात का? याचं उत्तर एका संकटानं दिलं. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. रोग पसरू नये म्हणून जवळजवळ वर्षभर शिकार बंद ठेवावी लागली. अभ्यासकांनी साथीच्या आधीची आणि नंतरची खोकडांची संख्या ताडून पाहिली. वर्षभर शिकार नव्हती, तरी खोकडं वाढलेली नव्हती. म्हणजे कोंबडी वाचवायला शिकार लागते, या म्हणण्याला फारसा आधार उरला नाही. घोड्यावरून धावायची हौसच असेल, तर जनावर न मारता नुसत्या वासामागं कुत्री धावायचा खेळ तिथं बंदीच्या कितीतरी आधीपासून आहे.

उधळणाऱ्यांच्याही चुका सांगायला हव्यात. कुत्र्यांना भलतीकडं बोलावताना ती रस्त्यावर गेली तर गाडीखाली येतील, ही भीती खोटी नाही. काही जण तोंड झाकून येतात, त्यामुळं गावातली म्हातारी माणसं घाबरतात. शिवीगाळ आणि मारामारी दोन्ही बाजूंनी झालेली आहे. 1994 मध्ये सरकारनं कायदाच केला, की दुसऱ्याच्या जमिनीत शिरून चालू असलेलं कायदेशीर काम अडवणं हा गुन्हा. तो मुख्यतः यांना डोळ्यासमोर ठेवून केलेला.

आणि जीवही गेले. 1991 मध्ये चेशायर भागात सशाच्या शिकारीवेळी 18 वर्षांचा एक मुलगा शिकाऱ्यांच्या गाडीखाली सापडून गेला. 1993 मध्ये केंब्रिजशायरमध्ये 15 वर्षांचा एक मुलगा असाच कुत्र्यांच्या गाडीखाली गेला. आणि 2009 मध्ये वॉरिकशायरमध्ये, शिकारीवर नजर ठेवणाऱ्या एका छोट्या विमानाच्या फिरत्या पात्याचा घाव लागून शिकारीच्या बाजूचा माणूस मेला. त्याच्या चालकाला पुढं न्यायालयानं निर्दोष सोडलं. मैत्रिणींनो, कुठल्याही बाजूचा असो, आईच्या पोटचा गोळा तो. जनावराची कीव करायची आणि माणसाचा द्वेष करायचा, हे एकत्र नांदत नाही.

ही सगळी माहिती आम्ही पुढच्या बैठकीत सांगितली. एक मावशी म्हणाल्या, "दारूबंदीसारखंच आहे की हे." खरंच आहे. आपल्याकडं गावातल्या बायकांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकानं बंद केली. पण कुलूप लागलं म्हणून दारू संपली का? मागच्या दारानं, पिशवीतून चालूच. जिथं बायकांनी पाळत ठेवली, तारीख-वार लिहून अर्ज दिले, तिथंच बंदी टिकली. कायदा होणं म्हणजे बी पेरणं. राखण करणारं कुणी नसेल तर पीक हाती लागत नाही.

आणि राखण कशी करायची, तेही या गोष्टीतून शिकण्यासारखं आहे. एकटीनं जायचं नाही, सोबत जायचं. ऐकीव सांगायचं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं. तारीख, वेळ, जागा लिहायची. फोटो काढता आला तर काढायचा. हात उचलायचा नाही. समोरच्याचं काम काय, त्याची रीत काय, हे त्याच्यापेक्षा जास्त समजून घ्यायचं. शिंगाचा सूर शिकल्याशिवाय कुत्री वळत नाहीत.

राहिली आमच्या ताईच्या कोंबड्यांची गोष्ट. बैठकीत आम्ही तिला विचारलं, "खोकडानं नेल्या हे पाहिलं कुणी?" कुणीच पाहिलं नव्हतं. खोकड असेल, रानमांजर असेल, मुंगूस असेल. आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. खुराड्याची जाळी खालून सुटलेली होती आणि दाराला कडीऐवजी सुतळी. तिच्या दिराला बसवून सांगितलं, की खोकड असो की कोल्हा, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला मारणं गुन्हा आहे. आणि बांधावरचं विष नाव विचारून पोटात जात नाही. कुत्रा खाईल, मांजर खाईल, मेलेल्या जनावरावर बसलेली घारही मरेल. शिवाय खोकड शेतातले उंदीर खातं, तेही हिशेबात धरा.

दीर आधी गुरगुरला. मग म्हणाला, "विष नको तर कोंबड्या कशा राखायच्या ते सांगा." प्रश्न रास्त होता. गटानं ताईला जाळीपुरतं छोटं कर्ज दिलं. बारीक छिद्राची, जाड तारेची जाळी घेतली. ती खाली हातभर जमिनीत पुरली, म्हणजे उकरून आत येता येत नाही. दाराला लोखंडी कडी लावली. दिवे लागायच्या आत कोंबड्या कोंडायच्या आणि खरकटं, कोंबडीची आतडी घराजवळ टाकायची नाहीत, असं ठरलं. जाळी दिरानंच ठोकली. त्याला आता दीड महिना झाला. एकही कोंबडी गेलेली नाही.

तुमच्या गटातही असा एखादा कायदा असेल, जो कागदावर आहे आणि गावात नाही. बालविवाहाचा असेल, दारूचा असेल, झाडतोडीचा असेल. पुढच्या बैठकीत हप्ते लिहून झाले की एक पान कोरं ठेवा आणि त्यावर लिहा, हे आपल्यापैकी कोण बघणार, कुठल्या दिवशी बघणार. काय ठरलं ते आम्हाला कळवा. रेडिओवर वाचून दाखवू.

पुन्हा भेटू मैत्रिणींनो. नमस्कार.